नेटिव्ह अमेरिकन कला गोळा करायचीय? काय घ्यावं, काय अजिबात घेऊ नये आणि विकणाऱ्याला काय विचारावं

ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडे राहायला आलेली किंवा ग्रँड कॅन्यन बघायला येणारी आपली मराठी मंडळी परत जाताना एखादी "नेटिव्ह" वस्तू हमखास घेतात. कुणी निळ्या खड्याचं कडं घेतं, कुणी छोटं मडकं, कुणी पिसांचा ड्रीमकॅचर, आणि त्यातल्या काहींना मग खरंच नाद लागतो. मी फिनिक्सजवळ राहतो आणि बरीच वर्षं ही कला घेतोय, त्यामुळे ओळखीतले लोक सारखे विचारतात की कुठून घेऊ, खरं कसं ओळखू, आणि हल्ली एक चांगला प्रश्नही येतो की हे आपण घेणं बरोबर आहे का. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच नीट लिहून ठेवतोय, लांब आहे, पण पैसे द्यायच्या आधी वाचाच.

सगळ्याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. ही वस्तू कुणी बनवली, आणि जो विकतोय (किंवा ज्याने पहिल्यांदा विकली) त्याला ती विकायचा हक्क होता का. नवीन वस्तूला पहिला प्रश्न जास्त लागू पडतो, जुन्या वस्तूला दुसरा.

आधी नुसतं बघा, आणि एखादाच भाग निवडा

अमेरिकेत सरकारमान्य जमातीच ५७० च्या वर आहेत, त्यात कॅनडा, मेक्सिको, पनामा, पेरू, ब्राझील धरलं तर "नेटिव्ह आर्ट" म्हणजे एक कला असं काही राहतच नाही. एक भाग धरा. तुम्ही नैऋत्येला असाल तर नवाहो विणकाम, होपी आणि झुनी चांदीकाम, पुएब्लो मातीकाम (पुएब्लो म्हणजे इथल्या जुन्या वस्तीची गावं आणि त्यात राहणाऱ्या जमाती). वरती सिएटल-व्हँकुव्हरकडे असाल तर हायडा, त्लिंगिट, क्वाक्वाका'वाक्व लोकांचं कोरीवकाम आणि प्रिंट्स.

पहिले काही महिने खिशातून पैसे काढूच नका. फिनिक्सचं हर्ड म्युझियम बघा, अल्बुकर्कीचं इंडियन पुएब्लो कल्चरल सेंटर बघा (ते न्यू मेक्सिकोच्या १९ पुएब्लोंच्या मालकीचंच आहे), वॉशिंग्टनला गेलात तर २००४ साली उघडलेलं नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन बघा. डोळा तयार झाला की अर्ध्या फसवणुकी दुकानाच्या दारातूनच कळतात. आणि ही कला म्हणजे फक्त मडकी आणि गालिचे असंही समजू नका, २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत (इटलीतलं मोठं आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शन) अमेरिकेच्या पॅव्हेलियनमध्ये जेफ्री गिब्सनचं काम होतं, जो मिसिसिपी चॉक्टॉ आणि चेरोकी आहे. आजचे चित्रकार, फोटोग्राफर, प्रिंटमेकर हे पण याच परंपरेतले आहेत आणि त्यांच्याकडून घेताना नैतिक भानगडी सगळ्यात कमी.

मग कायद्याचं एवढं तरी माहिती पाहिजे

अमेरिकेत १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे. साधा अर्थ असा की एखादी वस्तू नेटिव्ह माणसाने बनवलेली नसताना ती तशी आहे असं भासवून विकणं, नुसतं मांडणं सुद्धा, गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला माणसाला कमाल अडीच लाख डॉलर दंड आणि पाच वर्षं कैद होऊ शकते, कंपनीला दहा लाख डॉलरपर्यंत दंड. बनवणारा माणूस केंद्राने किंवा राज्याने मान्य केलेल्या जमातीचा सदस्य पाहिजे, किंवा जमातीने त्याला कारागीर म्हणून अधिकृत प्रमाणित केलेलं पाहिजे. म्हणजे "माझी पणजी चेरोकी होती असं घरात म्हणायचे" यावर चालत नाही.

हा कायदा नुसता कागदावर नाहीये. २०१८ मध्ये अल्बुकर्कीच्या एका ज्वेलरी दुकानदाराला फिलिपिन्समध्ये बनलेले दागिने नेटिव्ह म्हणून विकल्याबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला. २०२१ मध्ये सिएटलच्या भागात दोन जणांवर केस झाली, ते स्वतःला जमातीचे म्हणवून कोरीव मुखवटे, टोटेम पोल वगैरे गॅलऱ्यांमधून विकत होते आणि ते त्या जमातीचे नव्हतेच.

कायद्याने फरक कुठे पडतो ते शब्दांवरून लगेच दिसतं. "नवाहो मेड" लिहिलं तर तो दावा आहे, खोटा निघाला तर दुकानदार अडकतो. म्हणून हुशार दुकानदार "साउथवेस्ट स्टाइल", "नेटिव्ह इन्स्पायर्ड", "ट्रायबल डिझाइन" असं लिहितात. असं लिहिलेलं दिसलं की समजून जा, ती वस्तू नेटिव्ह माणसाची नाही. भारतातसुद्धा नवाहो डिझाइनचे गालिचे हातमागावर विणून अमेरिकेत पाठवले जातात, त्यामुळे आपल्याच देशात विणलेला गालिचा इथे "साउथवेस्ट" म्हणून विकत घेऊन परत भारतात घेऊन जाणारे लोक आहेत. विणकराने मेहनतच केलेली असते, पण तुम्ही ज्याचे पैसे मोजले ते हे नव्हे.

काय अजिबात घेऊ नये

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

होपी लोकांचे विधींत वापरले जाणारे मुखवटे, ज्यांना ते "फ्रेंड्स" म्हणतात, ते घ्यायचे नाहीत, कितीही जुनी पावती दाखवली तरी. होपींच्या दृष्टीने ते जिवंत असतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये अशा मुखवट्यांचा लिलाव झाला, होपींनी कोर्टात विरोध केला आणि फ्रेंच कोर्टाने लिलाव थांबवायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरा लिलाव झाला तेव्हा ॲनेनबर्ग फाउंडेशनने गुपचूप बोली लावून २४ वस्तू सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरला घेतल्या आणि होपींना व सॅन कार्लोस अपाचींना परत दिल्या. म्हणजे आपलीच वस्तू घरी यावी म्हणून कुणालातरी पाच लाख डॉलर मोजावे लागले, हे मला अजूनही पचत नाही.

झुनींचे आहायुदा, म्हणजे लाकडाच्या युद्धदेवता, त्याही नाही. या ठरलेल्या कुळांचे लोक कोरतात, उघड्यावरच्या स्थानांवर ठेवतात आणि ऊन-पावसात त्यांनी झिजून मातीत जायचं हाच त्यांचा धर्म. त्या कुणा एकाच्या मालकीच्या नसतातच, त्यामुळे बाजारात आलेली प्रत्येक मूर्ती चोरीची, इतकं हे सरळ आहे. झुनींनी १९७८ पासून पाठपुरावा सुरू केला, म्युझियमांकडून आणि संग्राहकांकडून कितीतरी परत मिळवल्या, आणि परत आल्यावर पुन्हा उघड्यावरच ठेवल्या. "पण मग त्या नष्ट होतील ना" असं म्हणणारे भेटतात. हो, होतील, तेच अपेक्षित आहे, आणि ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

आकोमा पुएब्लोची ढाल हे तिसरं उदाहरण. १९७० च्या दशकात ती सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या घरातून चोरीला गेली, नंतर थेट पॅरिसच्या लिलावात उगवली. आकोमाच्या नियमाप्रमाणे अशी ढाल एक कुटुंब सांभाळतं पण ती सगळ्या पुएब्लोची असते, विकायचा अधिकार त्या कुटुंबालाही नाही. आपल्याकडे समजायला हे सोपं आहे, गावच्या खंडोबाचा मुखवटा वर्षभर एका घराण्याकडे असतो, म्हणून त्या घरातल्या पोराने तो विकला तर ती विक्री आपण मानू का? २०१६ मध्ये प्रचंड आरडाओरडा झाल्यावर ढाल लिलावातून काढली आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ती घरी आली. या आणि अशा प्रकरणांनंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्टॉप ॲक्ट आला, अशा वारशाच्या वस्तू अमेरिकेबाहेर नेणं आता बेकायदा आहे.

याशिवाय थोडक्यात: कबरीतून निघालेलं काहीही नको. मिंब्रेसची (न्यू मेक्सिकोतली एक प्राचीन संस्कृती) जुनी वाडगी, ज्यांच्या तळाला भोक असतं, ती मृतांसोबत पुरलेली असायची, लोक ती सुंदर म्हणून शोकेसमध्ये लावतात, तुम्ही लावू नका. सरकारी किंवा जमातींच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ट्रेकला गेल्यावर खापराचा तुकडा दिसला तरी तिथेच राहू द्या, मुलांनाही सांगा. आणि पिसं. गरुडाची पिसं विकत घेणं-विकणं साफ बेकायदा, बाकी बऱ्याच रानपक्ष्यांची पिसं १९१८ च्या कायद्यात येतात. विकायच्या ड्रीमकॅचरमध्ये कोंबडीची किंवा टर्कीची पिसं असतात, ती चालतात. (ड्रीमकॅचर मूळचा ओजिब्वे लोकांचा, ग्रेट लेक्सकडचा. ॲरिझोनाच्या गॅस स्टेशनवर लटकणारे बहुतेक कुठल्यातरी फॅक्टरीतले.)

होपींच्या लाकडी कात्सिना (त्यांच्या श्रद्धेतले आत्मे) बाहुल्या, ज्यांना ते तिहू म्हणतात, त्यांचं काय हा प्रश्न नेहमी येतो. मुखवटे वेगळे आणि बाहुल्या वेगळ्या. कॉटनवुडच्या मुळापासून कोरलेल्या तिहू होपी कारागीर स्वतः विक्रीसाठी बनवतात, त्या घ्यायला हरकत नाही, फक्त कारागिराकडून किंवा त्याचं नाव सांगणाऱ्या दुकानातून घ्या. खाली फरचे तुकडे आणि चामड्याच्या झालरी चिकटवलेल्या, ओळीने एकसारख्या उभ्या केलेल्या स्वस्त बाहुल्या होपी नसतात.

कुठून घ्यावं

सगळ्यात उत्तम म्हणजे बनवणाऱ्याच्या हातून. सँटा फेचा इंडियन मार्केट १९२२ पासून भरतोय, ऑगस्टमध्ये, गावाच्या मधल्या चौकात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर सुमारे हजार कलाकार बसतात आणि स्टॉलवर समोर बसलेला माणूसच कलाकार असतो. फिनिक्सला हर्ड म्युझियमचा मार्केट मार्चमध्ये असतो, तो १९५८ पासून आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच सांगतो कारण थोडा आटोपशीर आहे आणि हवा पण छान असते.

वर्षभर कधीही गेलात तर सँटा फेच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या लांब ओसरीत नेटिव्ह विक्रेते कापड पसरून बसतात. तिथे म्युझियमचा कार्यक्रम आहे, वस्तू विक्रेत्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच बनवलेली पाहिजे असा नियम, दागिन्यांवर बनवणाऱ्याची खूण लागते. समोरच्याच रस्त्यावर "७०% ऑफ" चे बोर्ड लावलेली दुकानंही दिसतील. कायम सत्तर टक्के सूट देणारं दुकान म्हणजे मूळ किंमतच खोटी.

आकोमाला किंवा ताओस पुएब्लोला गेलात तर लोक घरातूनच मडकी विकतात. पाटी असेल त्याच दारात जा, ही राहती घरं आहेत. फोटोचे नियम प्रत्येक पुएब्लोचे वेगळे, आधी विचारायचं. होपी मेसांवर (त्यांची गावं असलेली सपाट माथ्याची पठारं) विधींच्या वेळी फोटो, व्हिडिओ, स्केच, काहीच चालत नाही, फोन गाडीत ठेवून जा.

ॲरिझोनात गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट (जमातींशी देवघेव करणारं जुनं दुकान) आहे, १८७८ पासूनचं, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि अजूनही तिथे गालिचे विकले जातात. म्युझियमची दुकानं महाग वाटतात पण नवशिक्यासाठी तीच बरी. ऑनलाइन घ्यायचं तर कलाकाराच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा इन्स्टावरून घ्या, कित्येक तरुण विणकर आणि चांदीकाम करणारे तिथेच विकतात आणि ऑर्डरही घेतात.

विकणाऱ्याला काय विचारायचं

लाजू नका, चांगला विक्रेता उत्तर द्यायला उत्सुकच असतो. बनवणाऱ्याचं पूर्ण नाव काय, कुठल्या जमातीचा, कुठल्या गावाचा. काय वापरलंय, खडा नैसर्गिक आहे का, माती कुठली, लोकर हाताने कातलीय का विकतची. कधी बनवलं. आणि हे सगळं पावतीवर लिहून द्याल का. हा शेवटचा प्रश्न विचारला की खोट्या दुकानदाराचा चेहरा बदलतो, कारण तोंडी बोललेलं हवेत जातं, पण पावतीवर "नवाहो, अमुक नाव, स्टर्लिंग, नैसर्गिक खडा" लिहिलं की तो पुरावा झाला. "सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी" असं सोनेरी अक्षरात छापलेलं, पण कलाकाराचं नावच नसलेलं कार्ड मात्र कुणीही छापू शकतं, त्यावर जाऊ नका.

कलाकार स्वतः समोर असेल तर नक्षीचा अर्थ विचारायला हरकत नाही, पण "हे सांगता येणार नाही" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. बऱ्याच गोष्टी फक्त आतल्या लोकांसाठी असतात. आणि "तू खरा इंडियन आहेस का, कार्ड दाखव" असं कलाकाराला विचारू नका, मार्केटवाल्यांनी ते आधीच तपासलेलं असतं. दुकानदाराला मात्र बिनधास्त विचारा.

वस्तू हातात घेतल्यावर काय बघायचं

गालिचा. नवाहो (ते स्वतःला डिने म्हणतात) उभ्या मागावर विणतात आणि ताण्याचा धागा अखंड असतो, वर-खाली-वर-खाली जात राहतो, म्हणून गालिच्याच्या दोन टोकांना कापलेले धागे नसतात आणि झालर सहसा नसते, चार कोपऱ्यांना छोटे गोंडे असतात. मेक्सिकोत वाहाकाच्या तेओतित्लान देल वाये गावातले सापोतेक विणकर पायट्यांच्या मागावर विणतात, तिथे ताणा कापावा लागतो, मग टोकांना गाठी मारलेली झालर असते, आणि नवाहोसारखं दिसावं म्हणून काही वेळा ती टोकं सुईने परत आत ओवलेली असतात. तेव्हा टोकाजवळ बोटं फिरवा, जाडसर लागतं का बघा. दोन्ही बाजूच्या काठांजवळ दोन-तीन ताणे एकत्र घेतल्यामुळे उभे उंचवटे लागत असतील तर तोही मेक्सिकन विणीचा मोठा इशारा. नवाहो गालिच्यात पुष्कळदा तिरक्या पुसट रेषा दिसतात, कारण विणकर एकेक भाग वेगळा भरत जाते, पण त्या नाहीत म्हणजे खोटा असं नाही. जर्मनटाउन लोकरीच्या (गिरणीत कातलेल्या, तयार रंगवलेल्या) जुन्या गालिच्यांना झालर असते, गॅलप थ्रो नावाच्या छोट्या गालिच्याला पण असते, असे अपवाद आहेत. आणि एक सांगतो, सापोतेक गालिचा स्वतःच्या नावाने विकला जातो तेव्हा तो फार सुंदर आणि अस्सल असतो, तिथल्या विणकरांची पण शेकडो वर्षांची परंपरा आहे. दुसऱ्याच्या नावाने विकलं की दोघांचंही नुकसान होतं.

दागिने. नुसता "९२५" किंवा "स्टर्लिंग" शिक्का चांदीचा पुरावा झाला, बनवणाऱ्याचा नाही. कलाकाराची खूण, आद्याक्षरं किंवा चिन्ह शोधा आणि खूण कुणाची ते विचारा. जुन्या दागिन्यांवर बहुतेक खूण नसतेच, ती पद्धत विसाव्या शतकात हळूहळू रुळली. ठोकळमानाने नवाहो काम म्हणजे जड चांदी, ठसे आणि मोठे खडे, झुनी काम म्हणजे बारीक खड्यांची जडणघडण, सुईसारखे तासलेले खडे, इनले, आणि होपी काम म्हणजे दोन पत्रे एकावर एक जोडून खालचा काळा केलेला.

खडा म्हणजे फिरोजा, इथे सगळा गोंधळ आहे. नैसर्गिक खडा सगळ्यात महाग. स्टॅबिलाइज्ड म्हणजे मऊ खड्यात रेझिन भरून टणक केलेला, यात फसवणूक नाही, फक्त सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे पाहिजे. रिकन्स्टिट्यूटेड म्हणजे भुगा आणि रेझिन. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच. वर हाउलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवून विकतात तो वेगळाच. ॲरिझोनाच्या ग्लोबजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीतून फिरोजा निघणं २०१२ मध्ये बंद झालं, त्यामुळे कुणी ढीगभर "स्लीपिंग ब्यूटी" स्वस्तात देत असेल तर विचार करा.

मडकी. पुएब्लो मडकं चाकावर बनत नाही, मातीच्या वळ्या रचून, खरवडून, गुळगुळीत दगडाने घासून, उघड्यावर भाजतात. आत हात घालून बघा (परवानगी घेऊन, आणि तोंडाच्या कडेला धरून कधीच उचलू नका), जाडी किंचित कमी-जास्त लागते, घासल्याच्या खुणा असतात. आतून बशीसारखं एकसमान गुळगुळीत किंवा जोडाची रेघ दिसली तर साच्यातलं. काही नेटिव्ह कलाकार साच्यातलं तयार भांडं आणून फक्त रंगवतात, तेही उघड सांगून विकलं तर ठीक, पण किंमत हाताने घडवलेल्याची असू नये.

सॅन इल्देफोन्सो पुएब्लोची कुंभारीण मारिया मार्टिनेझ (१८८७-१९८०) हिचं काळ्यावर काळं काम (चकचकीत काळ्या भांड्यावर मंद काळी नक्षी) सगळ्यात प्रसिद्ध आणि म्हणून सगळ्यात जास्त नकला त्याच्याच. तिच्या सह्या काळाप्रमाणे बदलत गेल्या, सुरुवातीची भांडी बिनसहीची, मग नवरा हुलियानसोबतची सही, हुलियान १९४३ मध्ये वारल्यावर सून सांतानासोबत, नंतर मुलगा पोपोवी दा सोबत. विक्रेता "हुलियानची सही, १९५५ चं भांडं" म्हणाला तर गणित जुळत नाही. तिच्या कामावर थेट उडी मारण्याऐवजी आज सॅन इल्देफोन्सो किंवा सँटा क्लारात काम करणाऱ्या तरुण कुंभारणीचं छोटं भांडं घ्या, ते जास्त समाधान देतं आणि पैसे जिथे जायला हवेत तिथे जातात.

किंमत आणि घासाघीस

आपल्याला घासाघीस अंगवळणी पडलेली आहे, पण इथे कलाकाराशी करू नका. एका मध्यम गालिच्यामागे महिनोन् महिने जातात, लोकर पिंजून-कातून-रंगवून हाताने केली असेल तर अजूनच. मडक्यांचं तर कितीतरी भाजतानाच तडकतात, तो तोटा त्याच किमतीत भागवावा लागतो. परवडत नसेल तर त्याच कलाकाराचं लहान काम बघा, किंवा हप्त्याने देता येईल का असं विचारा, काही जण तयार होतात. बाजाराच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाऊन "आता परत घेऊन जाणार त्यापेक्षा मला अर्ध्यात दे" असं म्हणणारे लोक असतात, ते बघवत नाही.

हेही लक्षात घ्या की अमेरिकेत कलाकृती पुढे कितीही किमतीला विकली गेली तरी मूळ कलाकाराला त्यातला वाटा मिळेल असा केंद्रीय कायदा नाही. म्हणजे पहिल्या विक्रीत जे मिळालं तेच त्यांचं. आणि चित्र तुमचं झालं म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही, ते चित्र मंडळाच्या दिवाळी अंकाच्या कव्हरवर किंवा टी-शर्टवर छापायचं तर कलाकाराला विचारून आणि पैसे देऊनच.

जुनी वस्तू घेताना

जुनं घ्यायचंच असेल तर साखळी मागा. कुणाकडून कुणाकडे, कधी, कुठल्या पावतीवर. "एका जुन्या कलेक्शनमधून" हे उत्तर नव्हे. १९९० च्या नॅगप्रा कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या म्युझियमांना मानवी अवशेष, कबरीतल्या वस्तू, पवित्र आणि सामुदायिक वस्तू जमातींना परत द्याव्या लागतात, २०२४ च्या जानेवारीपासून नियम अजून कडक झाले आणि न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने तर दोन मोठी दालनंच बंद केली. खाजगी संग्राहकाला हा कायदा वस्तू परत करायला लावत नाही, पण अशा वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा ठरू शकते. २००९ मध्ये युटाच्या ब्लँडिंग गावात आणि आसपास धाडी पडल्या, २४ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात गावातली प्रतिष्ठित मंडळी होती.

"ओल्ड पॉन" म्हणून जे जुने दागिने विकतात त्याबद्दल दोन शब्द. नवाहो कुटुंबं ट्रेडिंग पोस्टवर दागिने गहाण ठेवत आणि समारंभाला सोडवून आणत, जे सोडवता आले नाहीत ते विकले गेले. कायद्याने यात अडचण नाही, पण ते कुणाच्यातरी आजीचं लेणं होतं हे माहिती असू द्या, आणि आजकाल कुठल्याही काळपट दागिन्याला "ओल्ड पॉन" म्हणतात हेही. मी स्वतः ते घेत नाही.

जुन्या चामड्याच्या, पिसांच्या, लोकरीच्या वस्तूंवर पूर्वी किडीसाठी आर्सेनिक आणि पारा लावायचे, विशेषतः म्युझियममधून बाहेर आलेल्या वस्तूंवर. हातमोजे घाला, घरात लहान मुलं असतील तर घेऊच नका.

कॅनडा आणि दक्षिणेकडे

कॅनडात अमेरिकेसारखा खास कायदा नाही, म्हणून जास्त जपून. इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे लोक) दगडी शिल्प घेताना इग्लू टॅग बघा, ती खूण १९५८ पासून आहे आणि २०१७ पासून इनुइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. किंगाइटचे (जुनं नाव केप डॉर्सेट) प्रिंट्स १९५९ पासून दरवर्षी निघतात, प्रत्येकावर संस्थेचा शिक्का आणि नंबर असतो, नवशिक्याला फार चांगली सुरुवात. वॉलरसच्या दाताचं काम अलास्कात नेटिव्ह लोक कायदेशीर करतात पण ते देशाबाहेर नेताना परवाने लागतात, भारतात न्यायचं असेल तर नादी लागू नका. कॅनडाचा प्रसिद्ध ओजिब्वे चित्रकार नॉर्व्हल मॉरिसो, त्याची चित्रं तर तज्ज्ञाशिवाय घेऊच नका, २०२३ मध्ये ओंटारिओ पोलिसांनी आठ जणांना पकडलं आणि हजाराच्या वर बनावट चित्रं जप्त केली.

वायव्य किनाऱ्यावरच्या जुन्या पॉटलॅच (तिथल्या जमातींचा मेजवानी आणि दानाचा समारंभ) वस्तूंचा इतिहासही वाईट आहे, कॅनडा सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच समारंभांवर बंदी घातली होती आणि १९२१ च्या एका मोठ्या समारंभानंतर लोकांना तुरुंगाची भीती घालून मुखवटे आणि तांब्याच्या ढाली काढून घेतल्या. त्यातल्या परत आलेल्या वस्तूंसाठी अलर्ट बेला उमिस्ता सेंटर उभं आहे. त्या काळातला मुखवटा समोर आला तर तो स्वखुशीने विकला होता का, हे आधी.

मेक्सिको आणि पेरूत स्पॅनिश काळाच्या आधीची कुठलीही वस्तू घेऊ नका, ती राष्ट्राची मालमत्ता असते, गाइड कितीही कानात सांगो की माझ्या शेतात सापडलीय. नवीन घ्या. कुस्कोला सेंट्रो दे टेक्स्टिलेस ट्राडिसिओनालेस आहे, विणकरांची संस्था, तिथल्या कापडावर विणणाऱ्या बाईचं नाव असतं. पिसाकच्या बाजारात "बेबी अल्पाका" म्हणून मिळणारं स्वेटर बऱ्याचदा ॲक्रिलिक निघतं. पनामाच्या गुना बायकांचे मोला (कापडाचे थर कापून-शिवून केलेले नक्षीचे तुकडे) तर घ्याच, छोटे, सपाट, सुटकेसमध्ये मावणारे, आणि २००० सालच्या पनामाच्या कायद्याने त्यावरचा गुनांचा सामूहिक हक्क मान्य केलाय. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधले पिसांचे मुकुट नकोत, रानपक्ष्यांच्या पिसांचा व्यापार तिथे बंद आहे आणि विमानतळावर अडकाल ते वेगळंच.

घरी आणल्यावर

पुएब्लो मडक्यात पाणी, ओली फुलं काही नाही, कमी आचेवर भाजलेलं असतं, पाणी झिरपतं आणि घासलेली चकाकी कायमची जाते. मुंबई-कोकणात तर पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका. गालिचा वर्षातून दोनदा उलटा करून झटका, कसर लागते, ड्रायक्लीनला टाकू नका. फिरोजाला तेल, अत्तर, साबण लावू नका, हिरवट पडतो. शंभर वर्षांहून जुनं काही भारतात नेणार असाल तर परत बाहेर काढताना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आड येऊ शकतात.

प्रत्येक वस्तूची एक फाइल करा, पावती, कलाकाराचं नाव, जमात, घेतलेली तारीख, फोटो, आणि कलाकाराने काही सांगितलं असेल तर ते त्याच दिवशी लिहून ठेवा. भिंतीवर लावताना खाली छोटं नाव लावा. पाहुणे "हे काय आहे" विचारतात तेव्हा माणसाचं नाव तोंडातून गेलं पाहिजे.

आणि घरात आधीपासून एखादी शंकास्पद वस्तू असेल, सासऱ्यांनी कधीतरी गराज सेलमधून आणलेला मुखवटा, वाडगं, गाठोडं, तर ती विकू नका आणि धुऊन-पुसूनही ठेवू नका. जमातीच्या ट्रायबल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसला (जमातीचा वारसा सांभाळणारं कार्यालय) ईमेल करा. कुठली जमात हेच कळत नसेल तर असोसिएशन ऑन अमेरिकन इंडियन अफेअर्स ही १९२२ पासूनची संस्था अशा कामात मदत करते. पहिल्या ईमेलमध्ये फोटो जोडू नका, कारण काही वस्तू फोटोत बघणंही त्यांना चालत नाही, फक्त शब्दांत वर्णन करा आणि फोटो पाठवू का असं विचारा. उत्तर यायला वेळ लागू शकतो, अशी पत्रं त्यांना खूप येतात आणि माणसं मोजकी असतात. त्यांनी परत मागितली तर पॅकिंग कसं करायचं, कुणी हात लावायचा, पोस्टाने पाठवायची का ते स्वतः न्यायला येणार, हे सगळं त्यांनाच ठरवू द्या, पाठवायचा खर्च आपण करा.